नागपुरातल्या फ्लॅटमध्ये नऊ वर्षांच्या मुलीसाठी ससा घ्यावा, गिनीपिग की हॅमस्टर?

आपण लिहिले आहे की आपण दोघेही नोकरी करता, दिवसा घरी आजी असतात आणि मुलगी नऊ वर्षांची आहे. मी ससे आणि गिनीपिग दोन्ही पाळले आहेत आणि माझे मत स्पष्ट आहे: गिनीपिग घ्यावेत, मात्र एक नव्हे तर दोन, आणि दोन्ही माद्या.

हॅमस्टर सर्वांत सोपा वाटतो, पण तो निशाचर आहे. मुलगी शाळेतून येईल तेव्हा तो गाढ झोपेत असेल, आणि झोपमोड झालेला हॅमस्टर हमखास चावतो. शिवाय त्याचे आयुष्य दोन ते तीन वर्षांचेच असते.

सशाबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवे, कारण मुलांना तोच सर्वांत जास्त हवा असतो आणि मुलांच्या हातून त्याचेच सर्वांत जास्त हाल होतात. त्याला उचलून घेतलेले आवडत नाही. जमिनीपासून पाय सुटले की तो मागच्या पायांनी जोरात झटका देतो, आणि मागचा भाग नीट आधाराने धरलेला नसेल तर त्या झटक्याने त्याच्याच पाठीचा कणा मोडू शकतो. कान धरून तर त्याला कधीच उचलू नये. चांगली काळजी घेतली तर ससा आठ ते बारा वर्षे जगतो, म्हणजे आपली मुलगी कॉलेजात जाईल तेव्हाही तो घरात असेल. मादीचे गर्भाशय वेळेवर काढले नाही, तर तीन-चार वर्षांच्या वयानंतर तिला गर्भाशयाचा कर्करोग होण्याची शक्यता बरीच असते, आणि सशाला भूल देण्याचा सराव असलेले पशुवैद्य सगळीकडे मिळत नाहीत.

गिनीपिग साधारण पाच ते सात वर्षे जगतात, क्वचितच चावतात आणि दिवसाउजेडीही जागे असतात. रुळलेले गिनीपिग घरातले आवाज ओळखू लागतात. फ्रिज उघडल्याचा किंवा कोथिंबिरीच्या पिशवीचा आवाज झाला की ते पुढचे पाय पिंजऱ्याच्या कडेवर टेकवून उभे राहतात आणि शिट्टीसारखा लांबलचक आवाज काढतात. मुलांना ही दाद फार हवी असते. हा प्राणी कळपात राहणारा आहे, म्हणून जोडी हवी. दुकानात नर-मादी ओळखण्यात नेहमी गफलत होते, तेव्हा आणल्याबरोबर पशुवैद्याकडून खात्री करून घ्यावी. मादीची पहिली गर्भधारणा सहा-सात महिन्यांच्या वयानंतर झाली, तर तोवर तिच्या कटीची हाडे घट्ट जुळलेली असतात आणि बाळंतपण जिवावर बेतू शकते.

आता खरा प्रश्न नागपूरच्या उन्हाळ्याचा आहे. ससा असो की गिनीपिग, दोघांनाही घाम येत नाही आणि तापमान तीस अंशांच्या वर गेले की त्यांना त्रास सुरू होतो. मे महिन्यात आपल्याकडे बाहेर पंचेचाळीस अंश असतात. गॅलरीत पिंजरा ठेवण्याचा विचारही करू नये. विदर्भाच्या कोरड्या हवेत कूलर चांगले काम करतो (कोकणात तो उपयोगी पडत नाही), पण दुपारभर तो चालू राहील, त्यातले पाणी संपणार नाही आणि वीज गेली तर आजी गोठवलेल्या पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून पिंजऱ्यात ठेवतील, एवढी व्यवस्था आधी ठरवून ठेवावी. ती होणार नसेल तर यांपैकी कोणताही प्राणी आणू नये, असे मी आग्रहाने सांगेन.

खाण्यात गवत हेच मुख्य अन्न आहे, बाकी सगळे तोंडी लावणे. या प्राण्यांचे पटाशीचे दात आणि दाढा जन्मभर वाढत राहतात आणि गवत चघळतानाच त्या झिजतात. गवत कमी पडले की दाढांना अणकुचीदार कडा येतात, त्या जिभेला टोचतात आणि प्राणी खाणे सोडतो. बाहेरून येणारे टिमोथी गवत महाग पडते. फवारणी न झालेल्या जागेची, स्वच्छ धुतलेली हरळी उत्तम, पण ती हळूहळू सवयीची करावी आणि सोबत वाळलेले गवत चोवीस तास समोर असावे. लसूणघासात कॅल्शियम फार असते आणि त्याने मूतखडा होऊ शकतो, म्हणून पूर्ण वाढ झालेल्या प्राण्यांना तो रोज देऊ नये. माणसाप्रमाणेच गिनीपिगच्या शरीरातही क जीवनसत्त्व तयार होत नाही, तेव्हा ढोबळी मिरचीची एक फोड रोज हवीच. बिस्किटे, पोळी, भात, कांदा आणि बटाटा मुळीच नको.

पिंजरा किमान चार फूट लांब आणि दोन-अडीच फूट रुंद असावा. तळाला जाळी असेल तर तळपायांना जखमा होतात, म्हणून सपाट तळावर जुन्या चादरीची घडी अंथरावी आणि लपायला दोन पुठ्ठ्याची खोकी ठेवावीत. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर दर आठवड्याला वजन करून वहीत लिहिण्याचे काम मुलीकडे द्यावे. हे प्राणी आजार लपवतात, आणि तो सर्वांत आधी वजनातच दिसतो.

नागपूरकडचे म्हणून आणखी एक सांगतो. शेतात सापडलेले सशाचे पिल्लू कोणी आणून दिले तर घेऊ नका. तो रानससा असतो आणि 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण आहे. त्याची आई दिवसा पिल्लाला एकटे सोडून दूर राहते, त्यामुळे ते बहुधा अनाथ नसतेच. होते तिथेच ठेवावे.

प्राणी आणण्यापूर्वी ससे-गिनीपिग तपासणारे पशुवैद्य शोधून ठेवा. गिनीपिगने बारा तास काही खाल्ले नाही किंवा लेंड्या टाकल्या नाहीत, तर सकाळची वाट न पाहता त्यांना गाठा. घरातले अमॉक्सिसिलिन (माणसांचे अँटिबायोटिक औषध) मात्र कधीही पाजू नका. त्याने आतड्यातले उपयुक्त जिवाणू मरतात आणि पाठोपाठ प्राणीही दगावू शकतो.