शॉपस्मिथ मार्क फाइव्ह उभं करायला जड जातं, लिफ्ट असिस्ट लावला तर तो सुरक्षितपणे कसा वापरायचा?

तुम्ही लिहिलंय की वय साठीच्या पुढे आहे, पाठीचं ऑपरेशन झालंय, जुनं शॉपस्मिथ मार्क फाइव्ह (एकाच मोटरवर पाच कामं करणारं सुतारकामाचं मशीन) घेतलंय आणि ड्रिल प्रेससाठी ते उभं करताना जीव जातो. वर विचारलंय की लिफ्ट असिस्ट (उचलायला मदत करणारी स्प्रिंग किंवा गॅस स्ट्रट, म्हणजे दाबलेल्या गॅसची दांडी) लावला की 'एका हाताने होतं' असं ऐकलंय, ते खरं का. हे 'एका हाताने' वाचलं आणि राहवलं नाही, म्हणून लिहितोय. कारण नेमकं हेच वाक्य आमचे साडू गेली कित्येक वर्षं प्रत्येक गणपतीला, प्रत्येक थँक्सगिव्हिंगला ऐकवतात.

आम्ही दोघंही ओहायोत, मी कोलंबसला आणि ते सिनसिनाटीला. शॉपस्मिथ कंपनी याच राज्यातली, डेटनची, त्यामुळे इकडे जुनी मशीनं इस्टेट सेलमध्ये सारखी निघतात, आजोबा गेले की नातवंडं गॅरेज रिकामं करतात आणि आपल्यासारखे हौशी लोक ट्रक घेऊन पोचतात. साडूंनी तसंच एक घेतलं. करवत, लेथ, डिस्क सँडर, आडवं बोअरिंग, उभं ड्रिल, पाचही कामं एकाच मोटरवर. हान्स गोल्डश्मिट नावाच्या माणसाने १९४७ मध्ये पहिलं शॉपस्मिथ बाजारात आणलं तेव्हापासून कल्पना तीच आहे, आणि माझ्या मते छोट्या गॅरेजसाठी आजही याला तोड नाही. पण ड्रिल प्रेस करायचं म्हणजे डावीकडचं टोक उचलून अख्ख्या ट्यूबा (ज्यांवर सगळं सरकतं ते लांब पाइप) हेडस्टॉकसकट उजव्या टोकाच्या बिजागरीवर उभ्या करायच्या, आणि मोटर हेडस्टॉकमध्येच असल्यामुळे सगळ्यात जड भाग तोच.

साडूंनी त्यावर स्प्रिंगचा असिस्ट बसवला. कुठला, कुणाचा ते सोडा, त्याचा दोष नाहीच मुळी, आणि तोच तर आमचा वाद आहे. बसवल्यावर स्प्रिंगचा ताण वाढवत वाढवत असा लावला की हेडस्टॉक पार डाव्या टोकाला असतानाही दोन बोटांनी उचललं जाईल. व्हिडिओ काढून फॅमिली ग्रुपवर टाकला. मी तेव्हाच लिहिलं होतं की अहो, हा ताण त्या वजनासाठी लावलाय, वजन काढाल तेव्हा आधी ताण काढा. उत्तर आलं, 'तुमचं सगळं पुस्तकी.' वर एक हसणारा चेहरा.

मग एका शनिवारी त्यांना ट्यूबांना वॅक्स लावायची लहर आली. चांगली सवय आहे, पेस्ट वॅक्स लावलं की हेडस्टॉक आणि कॅरेज (टेबल धरणारा भाग) लोण्यासारखे सरकतात. त्यासाठी टोकाचा टाय बार (ट्यूबांची टोकं जोडणारा भाग) काढला, हेडस्टॉक सरकवून बाहेर काढला, कॅरेजही काढलं, आणि नंतर ट्यूबांच्या खालची बाजू पुसायला म्हणून बेस लॉक (ट्यूबा आडव्या किंवा उभ्या जागी धरून ठेवणारा लॉक) सैल केला. सी-सॉवर समोरचा पोरगा अचानक उतरला की काय होतं ते आठवा, तेच झालं, फक्त इथे दुसऱ्या टोकाला ताणलेली स्प्रिंग होती. मोकळ्या ट्यूबा सणकन वर आल्या, चष्मा उडाला, हनुवटीला टाके पडले, वरची ट्यूबलाइट फुटून काचा सगळ्या गॅरेजभर. डोळा वाचला हे नशीब. मी ते ऐकून रात्री गाडी काढून गेलो, काचा मीच झाडल्या, आणि झाडता झाडता ऐकतोय काय तर 'स्प्रिंग डिफेक्टिव्ह निघाली.'

डिफेक्टिव्ह कसली डोंबलाची! स्प्रिंगने तेच केलं जे तिला सांगितलं होतं. स्प्रिंग असो की गॅस स्ट्रट, त्याला कळत नाही की वर हेडस्टॉक आहे की नाही, तो आपला ढकलत राहतो. इतकी वर्षं ट्यूबा खाली राहत होत्या त्या वजनामुळे. तुम्ही हेडस्टॉक काढलात, कॅरेज काढलंत, नुसता हेडस्टॉक उजवीकडे बिजागरीच्या जवळ आणलात तरी हिशोब बदलतो. वजन गुणिले बिजागरीपासूनचं अंतर, शाळेतलंच गणित. समजा हेडस्टॉक २५ किलोचा धरला आणि तो बिजागरीपासून १२० सेंमी ऐवजी ६० सेंमीवर आणून लॉक केला तर त्याच्यापुरता लागणारा जोर निम्मा. म्हणजे तुमच्या अर्ध्या त्रासाचं औषध फुकटच आहे, उचलायच्या आधी हेडस्टॉक काम होईल इतपत उजवीकडे घ्या. बरेच लोक हे न करता थेट पैसे खर्च करतात.

आता तुमचा प्रश्न. मूलभूत गोष्टी तुम्हाला माहीत असतील, प्लग काढायचा वगैरे, ते लिहीत बसत नाही. फक्त एक, ड्रिलिंगचा हळू स्पीड मशीन चालू असतानाच लावून घ्या आणि मग बंद करून प्लग काढा, कारण या मशीनचा स्पीड डायल बंद असताना फिरवायचा नसतो आणि उभं केल्यावर लोकांना ते आठवतं. डाव्या टोकाला बँडसॉ किंवा जॉइंटर जोडलेला असेल तर तो उतरवा. करवतीचं पातं, फेन्स, मायटर गेज काढा. चाकं वर घेऊन मशीन पायांवर बसवा, चाकांवर असताना उचलायला गेलात तर मशीन पळतं आणि असिस्ट त्याला आणखी मदत करतो. मग लॉक. हेडस्टॉक, कॅरेज, क्विल (हेडस्टॉकमधून मागेपुढे होणारा ड्रिलचा दांडा), टेबलाची उंची, टेबलाचा टिल्ट, सगळे. नुसता लॉक फिरवून भागत नाही, हेडस्टॉकला दोन्ही हातांनी जोरात ढकलून बघा, विशेषतः नुकतंच वॅक्स लावलं असेल तर. उभं केल्यावर तो लॉक सुटला तर मोटरसकट सगळं सरळ टेबलावर येतं, आणि तिथे असिस्ट काहीही करू शकत नाही, कारण असिस्ट ट्यूबा उचलतो, ट्यूबांवरून घसरणारं वजन धरत नाही. मी तर हेडस्टॉकच्या खालच्या बाजूला ट्यूबवर एक जास्तीचा क्लँप मारतो. बायको हसते, हसू दे.

उचलताना जोर सगळ्यात जास्त सुरुवातीला लागतो, ४५ अंशांवर साधारण ७० टक्के उरतो, ६० अंशांवर निम्मा, आणि उभं झालं की जवळजवळ शून्य. स्प्रिंगचा जोर मात्र त्याच प्रमाणात कमी होत नाही. म्हणून शेवटच्या टप्प्यात मशीन आपोआप पुढे जाऊन दाणकन आपटायला बघतं, तिथे तुम्ही उचलत नसता, आवरत असता. खाली आणताना उलटं, आधी हलकं वाटतं आणि शेवटी अंगावर येतं. एका हाताने करणाऱ्यांची बोटं इथेच ट्यूब आणि खालच्या टेकूच्या मध्ये सापडतात. दोन हात, पाय फाकवून, बाजूला उभं राहून, आणि वर गेल्याबरोबर बेस लॉक घट्ट. मगच हात सोडायचा. असिस्ट धरून ठेवतोय म्हणून लॉक न करता ड्रिलिंग सुरू करणारे मी पाहिलेत, नाव घेत नाही.

ताण किती ठेवायचा? माझं स्पष्ट मत, मशीन सोडलं तर स्वतःच्या वजनाने खालीच आलं पाहिजे, सावकाश आलं तरी चालेल. तरंगत राहील किंवा वर जाईल इतका ताण चुकीचाच. आणि हेडस्टॉक किंवा कॅरेज उतरवायच्या आधी असिस्ट सोडवायचा, त्याला अपवाद नाही.

गॅसवाला असेल तर थंडीचं बघा. उन्हाळ्यात २० अंशांना जुळवलेला स्ट्रट गॅरेजमध्ये उणे १० झालं की साधारण दहा टक्के जोर गमावतो, गॅसचा दाब तापमानाबरोबर उतरतो म्हणून. जानेवारीत अचानक जड वाटलं तर घाबरू नका, पण एप्रिलमध्येही जडच राहिलं तर गॅस गळतोय. त्याला भोक पाडून, तापवून दुरुस्तीच्या फंदात पडू नका, बदला. आणि गॅरेजच्या दाराची जुनी स्प्रिंग लावून जुगाड करायचा विचार असेल तर आतून सेफ्टी केबल ओवल्याशिवाय करू नका, तुटली की गोळीसारखी येते.

हां, एक राहिलंच, खरं तर हे आधी लिहायला हवं होतं. पाठीचं ऑपरेशन झालेलं असेल तर असिस्ट लावूनही वाकून सुरुवातीचा झटका तुम्हालाच द्यावा लागतो. डॉक्टरांना विचारा. माझं विचाराल तर एक छोटं बेंचटॉप ड्रिल प्रेस घ्या आणि शॉपस्मिथ आडवंच ठेवून करवत आणि लेथ म्हणून वापरा. आणि मी सांगतोय ते जुन्या मार्क फाइव्हबद्दल, दोन्ही बाजूंनी उचलणारं नवीन मॉडेल असेल तर बिजागरी बदलते, हिशोबही बदलतो, तिथे त्याचं मॅन्युअल बघा.

साडूंनी त्यानंतर नवी स्प्रिंग मागवून बसवली. जुनी माझ्याकडे आहे, माझ्या मशीनवर लावलीये, अजून व्यवस्थित चालते.