जानेवारीत बहिणीचं लग्न उदयपूरला आहे, पाहुणे 110, बहुतेक पुणे-सांगली-कोल्हापूरकडचे. वेलकम किटमध्ये काय द्यावं? खोल्या आणि गाड्या कशा लावाव्यात?

किटचं आधी उरकतो, कारण तुम्ही ते पहिलं विचारलंय आणि ते सगळ्यात बिनमहत्त्वाचं आहे.

माझ्या भाचीच्या लग्नात प्रत्येक खोलीत एक टोपली होती. लाखेची डबी, अत्तराची कुपी, गुलकंद आणि इंग्रजीत छापलेलं सोनेरी कार्ड. निघायच्या दिवशी त्यातल्या 19 टोपल्या मी खोल्याखोल्यांतून गोळा केल्या. कुणी उघडूनही बघितल्या नव्हत्या. तुम्ही कानटोपी द्या. थट्टा नाही करत, डिसेंबर-जानेवारीत तळ्याकाठी रात्री दात वाजतात आणि आपली माणसं एक शाल घेऊन येतात. चहाची पाकिटं द्या, कारण म्हातारी माणसं पहाटे पाचला उठतात आणि हॉटेलचा नाश्ता साडेसातला सुरू होतो. आणि एक कार्ड द्या, मोठ्या अक्षरात मराठीत. मागच्या बाजूला हॉटेलचं नाव आणि घाटाचं नाव हिंदीत, म्हणजे चुकलेला माणूस ते रिक्षावाल्यापुढे धरू शकेल. त्यावर दोन फोन नंबर, पण उचलणाऱ्या माणसांचे. नवरदेवाच्या मित्राचा नंबर देऊ नका.

झालं किट. आता मुद्द्यावर येतो.

मी एसटीत 31 वर्षं काढली, त्यातली शेवटची 14 वाहतूक नियंत्रक म्हणून. गणपतीत आणि आषाढीला जादा गाड्या सोडणं म्हणजे काय ते मला कुणी शिकवायची गरज नाही. तरीही सख्ख्या भाचीच्या लग्नात मी, तिचा मामा, मंगलाष्टकांना तिच्या मागे उभा नव्हतो. फोटोत माझ्या जागी चुलत मामा आहे. फेटा छान बांधलाय त्यानं. या गोष्टीला तीन वर्षं झाली, आणि दाजी अजून प्रत्येक कार्यात चार लोकांसमोर म्हणतात, "आमच्या मामांनी आयुष्यभर गाड्या वेळेवर सोडल्या, भाचीच्या लग्नात तेवढी चुकली."

तुमचा प्रश्न वाचला आणि हे सगळं पुन्हा वर आलं. तेव्हा नीट सांगतोच.

उदयपूर महाराणा उदयसिंहांनी 1559 साली वसवलं असं मानतात. तेव्हाच्या गल्ल्या घोड्या-पालख्यांच्या मापाच्या, आणि जुन्या शहरात त्या अजून तशाच आहेत. जगदीश मंदिराच्या चौकातून खाली लाल घाट आणि गणगौर घाटाकडे ज्या वाटा जातात, तिथे समोरासमोर दोन रिक्षा आल्या की एकाला मागे जावं लागतं. मोठी बस आत जातच नाही. भाचीचं लग्न इथल्याच पिछोला तळ्याच्या पलीकडच्या अंगाला, हनुमान घाटाकडे. वडीलधाऱ्यांच्या 14 खोल्या अलीकडे लाल घाटाच्या एका जुन्या हवेलीत, आणि उरलेले लोक शहराबाहेर हायवेच्या हॉटेलात. का, तर हवेलीतून तळं दिसतं, "मोठ्यांना जरा छान वाटेल." हा दाजींचा निर्णय. भाव चांगला होता, नाही म्हणत नाही.

पण हवेली तीन मजली आणि लिफ्ट नाही. मी पायरी हातानं मोजली, एक वीत आणि वर दोन बोटं. वळणावर ती तिरकी होते, धरायला कठडा नाही, दोराचा आधार. दाराच्या चौकटी इतक्या खाली की पहिल्याच दिवशी तिघांनी डोकं आपटून घेतलं. माझी आत्या 78 वर्षांची, दोन्ही गुडघे बदललेले, आणि तिची खोली तिसऱ्या मजल्यावर. खोल्या वाटणाऱ्या मुलीनं लॅपटॉपवर आडनावाप्रमाणे यादी लावली होती. गुडघ्याचा रकाना त्यात नव्हता.

लग्नाच्या दोन महिने आधी मी दाजींना म्हणालो होतो की यादी माझ्याकडे द्या, मी तक्ता करतो. कोण कुठून निघतो, कुठे उतरतो, कुणाला जिना चालत नाही, कुणाला रात्री दोनदा उठावं लागतं. दाजी हसले. "मामा, हा एसटी स्टँड नाही. प्लॅनर बघतील ते." प्लॅनरची मुलं कष्टाळू होती, त्यांना नावं ठेवणार नाही. पण त्यांना पाहुण्यांचा आकडा माहीत होता, आत्या माहीत नव्हती.

आता मुहूर्ताचं ऐका, कारण हे तुम्हाला कुणीही सांगणार नाही. आमचा गोरज मुहूर्त, पत्रिकेत छापलेला सायंकाळी 6 वाजून 1 मिनिट. काढला कुठे, तर घरी. गोरज सूर्यास्ताला धरून असतो, आणि डिसेंबरच्या मध्यात उदयपूरला सूर्य आपल्याकडच्यापेक्षा 11-12 मिनिटं आधी मावळतो. आमच्या गुरुजींच्या ते आदल्या रात्री ध्यानात आलं. त्यांचं बरोबरच होतं. त्यांनी 5 वाजून 49 मिनिटं केली. दाजींनी तो बदल रात्री साडेअकराला व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. त्याच्यावर संगीताचे 80 फोटो, खाली 30 अंगठे. हवेलीच्या भिंती दोन-दोन हात जाड, आत रेंज नाही. मी तो मेसेज बघितला तो दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, रस्त्यावर.

साडेचारला आम्ही आत्याला खाली आणायला घेतलं. हॉटेलच्या दोन पोरांनी खुर्ची आणली. पहिल्या वळणावर खुर्ची अडकली, आडवी होईना. आत्या म्हणाली, ठेवा मला खाली. मग ती लहान मूल उतरतं तशी बसून, एकेक पायरी, पैठणीत. प्रत्येक पायरीवर "विठ्ठला" म्हणायची आणि पुढच्या पायरीवर पाय टेकला का ते मला विचारायची. मी तिच्या पुढे उलटा उतरत होतो, तिचे पाय हातात धरून. खाली पोचायला 25 मिनिटं लागली. पैठणीचा काठ मागून पांढरा झाला होता, चुन्यानं. तिनं तो झटकला आणि म्हणाली, "चल, मुहूर्त गाठायचाय."

बाकीचे आधीच्या रिक्षांनी गेले होते. शेवटच्या रिक्षात आत्या, तिची सून आणि मी. चढ चढून जगदीश चौकात आलो आणि थांबलो. समोर दुसऱ्याच कुणाची वरात, घोडी, बँड, मागे पर्यटकांच्या गाड्या, मध्ये एक गाय बसलेली. तळ्यापलीकडे नेणारा चांदपोलचा रस्ता ठप्प. तिथे रेंज आली आणि फोन खिशात थरथरायलाच लागला. पाच वाजून 36 मिनिटं झाली होती. भाच्याचा फोन: "मामा, कुठे आहात? ताईला बाहेर आणायचंय."

रिक्षावाला म्हणाला, "बाऊजी, आप तो पुलिया से पैदल चले जाते."

कुठली पुलिया? तर गणगौर घाटाच्या अंगानं हनुमान घाटाकडे जायला तळ्यावर पायी जायचा पूल आहे, दाईजीची पुलिया म्हणतात. आमच्या हवेलीपासून हाकेच्या अंतरावर! दोन दिवस आम्ही त्या शहरात होतो, सोनेरी कार्डावर तळ्याचं चित्र होतं, पण त्या पुलाचं नाव कुणी आम्हाला सांगितलं नव्हतं. आत्या म्हणाली, "तू पळ." मी 62 वर्षांचा, पायात मोजडी, फेटा काखेत. उतारानं पळालो. घाटावर एका जोडप्याचं फोटोशूट चाललं होतं, त्यांच्या पांढऱ्या कापडावर पाय पडला, शिव्या खाल्ल्या. पुलावर चढलो आणि पाण्यावरून माइकचा आवाज आला, आपल्या गुरुजींचा. शेवटचं कडवं होतं. "सावधान" झालं आणि वाजंत्री सुरू झाली.

माझ्या खिशात अक्षता होत्या. त्या तिथेच पुलावर टाकल्या.

आत्या साडेसहाला पोचली. तिनं भाचीच्या गालावरून हात फिरवला आणि जेवायला बसली. आमच्यापैकी शहाणी तीच.

दाजींचं म्हणणं, "मी ग्रुपवर कळवलं होतं." हा आमचा वाद. आता तुम्हीच ठरवा. आगारात फेरीची वेळ बदलली तर मी फळ्यावर लिहून घरी जात नसे. ड्रायव्हर आणि कंडक्टर दोघांना समोर उभं करून सांगायचो आणि त्यांच्या तोंडून वेळ परत वदवून घ्यायचो. ग्रुपवर टाकणं म्हणजे कळवणं नव्हे. पाहुणा "हो, पाच एकोणपन्नास" असं तोंडानं म्हणेपर्यंत त्याला काही कळलेलं नसतं. पाच-सहा कुटुंबांमागे एक माणूस नेमा आणि त्यानं फोन करायचा. मेसेज नाही, फोन. हे इव्हेंटवाल्यांच्या कोटेशनमध्ये नसतं, कारण त्याला पैसे पडत नाहीत.

तुमचे बाकीचे प्रश्न. मुंबईहून विमान घेतलंत तर विमानतळ डबोकला, गावापासून 22-25 किलोमीटर. वांद्र्याहून थेट रेल्वे आहे, पण रोज नाही, वार बघून घ्या. रेल्वेनं येणाऱ्यांना बजावून सांगा की राणाप्रताप नगर स्टेशन आधी येतं, तिथे उतरायचं नाही, पुढे उदयपूर सिटीला उतरायचं. आमचे दोघे चुलते बॅगांसह तिथेच उतरले होते. अहमदाबादेहून रस्त्यानं साधारण 260 किलोमीटर, पाच तास धरा आणि मध्ये स्वच्छ संडास असलेला थांबा आधी ठरवा. सकाळी सहाला पोचणाऱ्यांना खोली दुपारी दोनला मिळते, तेव्हा आदल्या रात्रीपासूनच चार खोल्या घेऊन ठेवा. ज्येष्ठांना अंघोळ आणि पाठ टेकायला पुरतात.

ओळखपत्र प्रत्येकाचं, मुळातलं. पॅन कार्डावर पत्ता नसतो, हॉटेलं ते घेत नाहीत, आणि आपल्याकडे निम्मी माणसं पाकिटात तेवढंच ठेवतात. परदेशी पासपोर्टवाले कुणी असतील, अगदी ओसीआय (मूळ भारतीयांना मिळणारं कार्ड) असलं तरी, हॉटेलला त्यांची माहिती फॉर्म भरून सरकारला कळवावी लागते, त्यांची कागदपत्रं आधी पाठवा. उघड्यावरचा स्पीकर रात्री 10 ला बंद, हा नियम सगळीकडचा, त्यामुळे संगीत सातला सुरू करा. जेवणात दाल-बाटी-चुरमा एक वेळ हौसेनं खातात, तिसऱ्या दिवशी सगळे वरण-भात मागतात. आचाऱ्याला साधं वरण कसं ते समजावून सांगा, नाहीतर त्यालाही हिंग-लाल मिरचीची फोडणी देऊन आणतो.

खोल्या वाटताना आडनाव, मानपान, नवऱ्याकडचे-नवरीकडचे, काही बघू नका. आधी गुडघे बघा. तळमजला गुडघेवाल्यांना, दुसरा मधुमेहवाल्यांना, तिसरा तरुणांना आणि दाजींसारख्यांना. जगदीश मंदिराच्या दर्शनाला सगळ्यांना न्यायचा बेत असेल तर मंदिर 1651 चं, सुंदरच आहे, पण वर चढायला 32 पायऱ्या. ज्यांना जमणार नाही त्यांना चौकातूनच हात जोडायला सांगा, आणि त्यांना खुर्ची द्या.

एक राहिलं. सगळ्या हवेल्या अशा नसतात, काहींना लिफ्ट बसवलेली आहे, तेव्हा माझ्यावर जाऊ नका, स्वतः जाऊन जिना चढून बघा. मी एकदाच गेलोय, तेही लग्नसराईच्या ऐन गर्दीत. जानेवारीत रस्ते कदाचित मोकळे मिळतील. आणि दाजी माणूस वाईट नाही, हेही खरं. आत्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा रात्रभर दवाखान्यात तेच बसले होते. पण म्हणूनच तर त्यांना गुडघ्यांचं आठवायला हवं होतं.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी घड्याळ लावून हवेलीच्या दारापासून पुलावरून मांडवापर्यंत चालत गेलो. दाजी वाचत असतील तर त्यांच्यासाठी: सात मिनिटं. सावकाश चालत.