आधी त्या दाराला कडी लाव

«मावशी, मी परभणी जिल्ह्यातल्या एका शाळेत शिक्षिका आहे, वय ३४. १७ सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिनाच्या झेंडावंदनाला उभी असताना चक्कर येऊन पडले. सगळी लेकरं समोर. रक्त, साखर, ईसीजी नीट आहे. डॉक्टर म्हणाले, पाणी भरपूर प्या. तेव्हापासून बाजारात, लग्नात, एसटीत उभं राहिलं की छाती धडधडते, आता पडते की काय असं होतं. आमचे मुख्याध्यापक देवमाणूस आहेत, परिपाठाला मला खुर्ची देतात. (बाटली नेते, पण शाळेत पाणी पीत नाही. बायकांच्या संडासाला कडी नाही.) २६ जानेवारीला रजा टाकू का?»

लेकी, तुझं अख्खं पत्र एकीकडे आणि ती कंसातली ओळ एकीकडे.

सकाळपासून पोटात पाण्याचा थेंब नाही, वरून ऊन, आणि अर्धा-पाऊण तास जागचं हलायचं नाही. असं उभं राहिलं की रक्त पायांत साचतं. अंगात पाणी कमी असलं की शरीराला ते सांभाळणं जमत नाही. नाडी मंदावते, रक्तदाब उतरतो, मेंदूला क्षणभर रक्त कमी पडतं आणि माणूस खाली येतो. आडवा झाला की लगेच शुद्धीवर येतो. तू तशीच पडलीस, असं मला वाटतं.

बाजारातली धडधड वेगळी. भीतीनं रक्तदाब बहुधा चढतो. भराभर श्वास घेतल्यानं डोकं हलकं होतं, हाताला मुंग्या येतात, पण त्यात माणूस सहसा पडत नाही. तिथंच थांब, श्वास सावकाश सोड. घाबरून घरी परतलीस तर पुढच्या बाजारी धडधड आणखी लवकर सुरू होईल.

आता तुझे देवमाणूस. खुर्ची आणायचं सुचलं, कडी बसवायचं सुचलं नाही? एक कडी, चार स्क्रू, शंभराच्या आतलं काम. मुलींसाठी वेगळं स्वच्छतागृह २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातच आहे. ज्याचं दार लागत नाही ते कसलं स्वच्छतागृह?

मीही शाळेत शिकवलंय. एकीनं आत जायचं, दुसरीनं बाहेरून दार ओढून धरायचं. दुसरी मोकळी नसली तर संध्याकाळपर्यंत कळ काढायची. सकाळचा चहासुद्धा अर्धाच कप. लघवीला जळजळ सुरू झाली तरी कुणाला बोललो नाही. त्याचा राग अजून आहे, म्हणून तुझ्यावर आवाज चढतोय. तुझ्या वर्गातल्या मोठ्या पोरींच्या बाटल्या शाळा सुटताना उचलून बघ. त्याही भरलेल्याच असतील.

सोमवारी परिपाठ झाला की मुख्याध्यापकांसमोर उभी राहा आणि म्हण, "सर, बायकांच्या संडासाला आज कडी लागली पाहिजे." आडून बोलू नकोस, संडास म्हण. बघू म्हणाले तर कडी स्वतः आण, बसवून घे, बिल त्यांच्या टेबलावर ठेव. त्या दिवसापासून मधल्या सुट्टीपर्यंत अर्धी बाटली संपली पाहिजे.

रजा टाकू नकोस, खुर्चीही नको. खाऊन, दोन पेले पाणी पिऊन जा. उभ्या-उभ्या पायाची बोटं हलव, पोटऱ्या आवळत राहा. घाम फुटला, कानात गुणगुणलं, डोळ्यांपुढं अंधारी आली तर पायावर पाय टाकून मांड्या घट्ट आवळ, हातात हात अडकवून जोरानं ओढ. नाहीच ओसरलं तर सरळ मातीत बस, आडवी हो. बघू दे लेकरांना. मात्र काही न जाणवता पडलीस, चालता-धावता पडलीस किंवा छातीत दुखलं, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठ.

आणि कडी बसली की मला कळव. एवढं एकच वाक्य लिहिलंस तरी चालेल.