क्रिकेटमध्ये शून्याला 'डक' का म्हणतात? बदकाचा काय संबंध?

बदकाचा नाही, त्याच्या अंड्याचा आहे. मूळ शब्द 'डक्स एग', म्हणजे बदकाचं अंडं. धावफलकावरचा ० तसा लांबट दिसतो, एवढंच कारण. १८६६ साली इंग्लंडचे युवराज (पुढे राजे झालेले सातवे एडवर्ड) एकही धाव न करता बाद झाले, तेव्हा वर्तमानपत्राने ते 'डक्स एग'वर परतले असं छापलं होतं. पुढे बोलण्याच्या घाईत अंडं गळून पडलं आणि बदक उरलं. अमेरिकेत बेसबॉलवाले शून्याला हंसिणीचं अंडं म्हणतात, तिथे मात्र अंडं अजून शाबूत आहे.

आपण तरी वेगळं काय करतो? इंग्रजांना अंडं दिसलं, आपल्याला भोपळा. 'भोपळाही न फोडता तंबूत परतला' हे वाक्य मराठी पेपरात हजारदा वाचलं असेल. मला तर भोपळाच जास्त पटतो. गणिताच्या पेपरावर सरांनी लाल शाईने काढलेला तो गरगरीत गोल अंड्याएवढा छोटा कधीच नव्हता!

पहिल्याच चेंडूवर गेला तर 'गोल्डन डक'. एकही चेंडू न खेळता, म्हणजे बहुधा समोरच्याच्या कॉलवर धावून रनआउट झाला, तर 'डायमंड डक'. दोन्ही डावांत शून्य म्हणजे 'पेअर'. हे 'पेअर ऑफ स्पेक्टॅकल्स'चं लघुरूप. दोन शून्यं शेजारी ठेवून बघा, चष्माच दिसतो.

सर्वात गाजलेलं बदक ऑस्ट्रेलियाचा फलंदाज डॉन ब्रॅडमनचं. १९४८, लंडनचं ओव्हल मैदान, शेवटचा कसोटी डाव. फक्त ४ धावा केल्या असत्या तर कसोटी कारकिर्दीची सरासरी १०० झाली असती. इंग्लंडच्या एरिक हॉलीजच्या दुसऱ्याच चेंडूवर त्रिफळा उडाला आणि ती ९९.९४ वर थांबली ती कायमची.

आणि आपला गोलंदाज अजित आगरकर. १९९९-२००० च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात कसोटीत सलग पाच डावांत शून्य, मग २००१ साली त्यांच्याचविरुद्ध मुंबईत आणखी दोन. गडी मुंबईचा, त्यामुळे नाव पडलं 'बॉम्बे डक'. गंमत अशी की इंग्रजीत बॉम्बे डक म्हणजे बदक नव्हेच, आपला बोंबील! याच बोंबलाने २००२ साली लॉर्ड्सवर नाबाद १०९ ठोकले. त्या मैदानावर सचिनलाही कसोटी शतक कधी जमलं नाही.