वणव्याच्या बातमीला पहिल्यांदा चाललायस तर

भावा, सोलापूरजवळ माळढोक अभयारण्य आहे त्या नान्नजकडं चाललायस तर सुती शर्ट घाल, चॅनलचं नायलॉन जॅकेट गाडीतच राहू दे, ठिणगी पडली की अंगाला चिकटतंय. वारा ज्या बाजूला वाहतोय तिकडं उभं राहू नको, आपला माळ म्हणजे नुसतं वाळलेलं कुसळी गवत, एप्रिलच्या वाऱ्यात आग माणसापेक्षा जोरात पळते, त्यामुळं जळून काळी झालेली जागा नाहीतर जाळरेषा, म्हणजे आग अडवायला आधीच गवत जाळून मोकळा केलेला पट्टा, बघ, तिथनं लाइव्ह दे, गाडीचं तोंड परतीकडं. बंब आला नाही म्हणून ओरडू नको, माळावर तो पोचतच नाही बऱ्याचदा, वनमजूर हिरव्या फांद्यांनी झोडपून विझवतात, ते शूट कर की!

मी एकदा 'माळढोक अभयारण्य खाक' म्हणून मोकळा झालो, नंतर कळलं शेजारच्या शेतात उसाचं पाचट पेटवलं होतं, लय शिव्या खाल्ल्या. किती हेक्टर ते वनरक्षकाला विचार, मगच स्क्रीनखालची पट्टी चालव. जुनं फुटेज असेल तर वर 'फाइल' टाक. वन खात्याचा १९२६ नंबर स्क्रीनवर ठेव. आणि ज्याची कडब्याची गंज जळली त्याला 'कसं वाटतंय' नको रे, जनावरांना आता चारा कुठनं आणणार ते विचार.