ताब्यात घेतलंय की अटक केलीय?

पुण्यात कलेक्टर कचेरीवरच्या मोर्चाला पहिल्यांदाच जाताय आणि ‘पोलिसांनी गाडीत घातलं तर नावावर गुन्हा लागेल का?’ असं विचारलंय. मी वीसेक वर्षं मोर्चांना जातेय, चार-पाचदा त्या गाडीत बसलेय.

गाडीत बसल्या बसल्या एवढंच विचारा: ताब्यात घेतलंय की अटक केलीय? महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ६८ खाली उचलतात, नावं-पत्ते लिहून घेतात आणि प्रसंग निवळला की ६९ खाली सोडतात. ती अटक नव्हे. पण जमावबंदी लागू असेल तर ती मोडल्याचा गुन्हा वेगळा लागू शकतो, म्हणून आदेश आहे का ते आदल्या दिवशीच बघा.

एका ठाण्यात संध्याकाळी सगळ्यांना घरी जायची घाई. पुढे आलेल्या कागदावर आमच्यातल्या एका मुलाने न वाचता सही केली. दीड वर्षाने कोर्टाचं समन्स आलं. तो कागद म्हणजे जातमुचलका होता, बोलावलं की हजर राहीन अशी लेखी हमी. अटक करून जामिनावर सोडलं होतं आणि त्याला शेवटपर्यंत वाटत होतं, नुसतं ताब्यात घेतलंय. फार वाईट वाटलं मला, शेजारीच बसले होते मी. त्यामुळे कागद वाचल्याशिवाय सही नाही, कितीही उशीर होवो.

अटकच असेल तर कारणं लेखी मागा, तीही मराठीत. तुम्हाला समजेल त्या भाषेत ती द्यायलाच हवीत, असं सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सांगितलंय. प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत मॅजिस्ट्रेटसमोर न्यावं लागतं. सूर्यास्तानंतर बाईला अटक करायची तर अपवादात्मक कारण, महिला अधिकारी आणि मॅजिस्ट्रेटची पूर्वपरवानगी लागते.

पांगा म्हणून सांगितलं की निघा. वाद घाला हवा तर, पण पोलिसाचा हात झटकू नका. सरकारी कामात अडथळा म्हणून भारतीय न्याय संहितेचं कलम १३२ लावलं तर ते अजामीनपात्र आहे.

घरच्यांना कळवण्याचा हक्क आहेच, पण फोन काढून घेतला की नंबर आठवत नाहीत. घरचा एक, वकिलाचा एक आणि मोफत विधी सेवेचा १५१००, असे तीन नंबर निघण्याआधी बॉलपेनने हातावर लिहा.