‘प्रेदसेदा’ला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न असा आला आहे: स्लोव्हाक कायदेपंडित मिलन चिच (१९३२–२०१२) यांच्या मूळ स्लोव्हाक परिचयात सरकार आणि घटनात्मक न्यायालय या दोन्ही ठिकाणी त्यांना ‘प्रेदसेदा’ म्हटलं आहे. मराठीत दोन्हीकडे ‘अध्यक्ष’ चालेल का? शिवाय १९८९ साली स्लोव्हाकिया हा स्वतंत्र देश नव्हता, मग ‘मुख्यमंत्री’ म्हणावं का?

आधी शब्द पाहू. ‘प्रेद’ म्हणजे पुढे आणि ‘सेद’ हा बसण्याचा धातू, आपल्या सभासद-परिषदेतल्या ‘सद्’चा सख्खा नातेवाईक. पुढे बसतो तो प्रेदसेदा. तो कशाच्या पुढे बसतो हे पुढच्या शब्दावरून कळतं: सरकारच्या, संसदेच्या, पक्षाच्या की न्यायालयाच्या. राष्ट्राध्यक्षासाठी मात्र त्यांच्याकडे ‘प्रेझिदेंत’ हा वेगळा शब्द आहे. डिसेंबर १९८९ मध्ये चिच सरकारचे प्रेदसेदा होते आणि रुडॉल्फ शुस्टर स्लोव्हाक राष्ट्रीय परिषदेचे, म्हणजे तिथल्या विधिमंडळाचे. दोघांनाही ‘स्लोव्हाक अध्यक्ष’ लिहिलं की घोळ झालाच. त्यातून शुस्टर पुढे १९९९ मध्ये खरोखरचे राष्ट्राध्यक्ष झाले. म्हणून मराठीत पदानुसार शब्द फोडावाच लागतो.

आता ‘मुख्यमंत्री’. १ जानेवारी १९६९ पासून चेकोस्लोव्हाकिया दोन प्रजासत्ताकांचं संघराज्य होतं. दोघांची सरकारं वेगळी, विधिमंडळं वेगळी आणि वर प्रागमध्ये संघाचं सरकार. चिच स्लोव्हाक राजधानी ब्रातिस्लाव्हातल्या सरकारचे प्रमुख झाले तेव्हा संघाचे पंतप्रधान होते मारियान चाल्फा, तेही स्लोव्हाक आणि तेही कायद्याचे पदवीधर. स्लोव्हाक सरकारची नेमणूक स्लोव्हाक राष्ट्रीय परिषदेचं अध्यक्षमंडळ करी. केंद्राने पाठवलेला राज्यपाल वगैरे प्रकार नव्हता. ‘मुख्यमंत्री’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे राजभवनासकट सगळी व्यवस्था उभी राहते आणि ती इथे लागू पडत नाही. संघाच्या आतल्या सरकारचा प्रमुख पंतप्रधान कसा, ही शंका आपल्याकडे तरी येऊ नये. जम्मू-काश्मीरला १९६५ पर्यंत पंतप्रधान होता आणि १९३७ साली बाळ गंगाधर खेर मुंबई प्रांताचे ‘प्रीमियर’ होते. तेव्हा ‘चेकोस्लोव्हाक संघराज्यातील स्लोव्हाक प्रजासत्ताकाचे पंतप्रधान (डिसेंबर १९८९ ते जून १९९०)’ असं लिहावं. लांब आहे, पण पहिल्या उल्लेखात एवढं हवंच. नंतर नुसतं ‘स्लोव्हाक पंतप्रधान’ पुरे.

ही काळजी घेतली नाही तर परिचयातली पुढची ओळ हमखास चुकते. जुलै १९९२ मध्ये चिच उपपंतप्रधान झाले. ‘पंतप्रधान, मग उपपंतप्रधान’ असं एकाखाली एक लिहिलं की पदावनती वाटते. प्रत्यक्षात पहिलं सरकार ब्रातिस्लाव्हातलं आणि दुसरं प्रागमधलं, यान स्ट्रास्की यांचं संघ सरकार, जे वर्षअखेरीस संघराज्याबरोबरच संपलं. प्रत्येक पदाआधी सरकार कुठलं ते लिहा.

१९९३ ते २००० या काळात चिच घटनात्मक न्यायालयाचे प्रमुख होते. त्यासाठी ‘सरन्यायाधीश’ लिहायचा मोह होईल. तो टाळा. स्लोव्हाकियात सर्वोच्च न्यायालय ब्रातिस्लाव्हात आणि घटनात्मक न्यायालय कोशित्से शहरात. दुसरं हे पहिल्यावरचं नेहमीचं अपील न्यायालय नाही. कायदा राज्यघटनेशी जुळतो का, कुणाच्या मूलभूत हक्कावर गदा आली का, हे ते मुख्यतः पाहतं. चिच यांच्या वेळी तिथे १० न्यायाधीश होते, मुदत ७ वर्षांची. २००१ च्या घटनादुरुस्तीने न्यायाधीश १३ आणि मुदत १२ वर्षांची झाली. तेव्हा चिच ‘सरन्यायाधीश’ ठरले तर सर्वोच्च न्यायालयाच्या प्रमुखाला काय म्हणणार? इथे ‘घटनात्मक न्यायालयाचे पहिले अध्यक्ष’ हेच बरोबर, म्हणजे ‘प्रेदसेदा’चा शब्दशः अर्थ नेमका इथे चालतो. ‘घटनापीठ’ तर अजिबात नको. ते आपल्या सर्वोच्च न्यायालयातलं किमान ५ न्यायमूर्तींचं खंडपीठ, स्वतंत्र न्यायालय नव्हे.

‘प्राध्यापक’बद्दल थोडंसं. आपण कॉलेजात शिकवणाऱ्या कुणालाही प्राध्यापक म्हणतो. तिकडे ‘प्रोफेसोर’ ही ‘दोत्सेंत’च्या (सहयोगी प्राध्यापकाच्या) वरची पदवी असते आणि नेमणूक राष्ट्राध्यक्ष करतात. ‘ब्रातिस्लाव्हाच्या कोमेनियस विद्यापीठात फौजदारी कायद्याचे प्राध्यापक’ असं संस्थेसह लिहिलं की वजन आपोआप कळतं.

राष्ट्राध्यक्ष इव्हान गाश्पारोविच यांच्या काळात चिच राष्ट्राध्यक्षांच्या ‘कान्त्सेलारिया’चे प्रमुख होते. यंत्राने केलेल्या भाषांतरात इथे ‘कुलपती’ आलं तर दचकू नका, काढून टाका. कान्त्सेलारिया म्हणजे कार्यालय. ‘राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयाचे प्रमुख’ लिहा.

आडनावही (Čič) रोमन लिपीतून उचलताना ‘सिक’ किंवा ‘चिक’ होतं. दोन्ही सी-अक्षरांवर टोपी आहे, म्हणून दोन्ही च ‘चिमणी’तले, टोपी नसती तर उच्चार ‘चमचा’तल्या च च्या जवळ, ‘त्स’ असा झाला असता.